खडपावर गरी टाकताना

ओहोटीच्या वेळी कोकणच्या किनाऱ्यावर जा. लांब काळ्या कातळाच्या टोकाला एखादा माणूस उकिडवा बसलेला दिसेल. हातात दोरी, बाजूला डबा आणि नजर पाण्यावर. मधूनच तो हात झटकतो, दोरी ओढतो आणि चमचमता मासा वर येतो. पाहणाऱ्याला वाटते, किती सोपे काम! होडी नको, जाळे नको, भांडवल नको. एक गरी, चार पैशांची दोरी, आणि घरच्या कालवणाची सोय झाली.

काम अवघड नाही, हे खरे. शिकले तर कोणालाही जमते. पण त्यात एक गोम आहे. ती दोरीत नाही, गरीत नाही आणि माशातही नाही. ती त्या कातळात आहे. तीच आज आपण समजून घेऊ.

खडप म्हणजे काय?

किनाऱ्याचा जो कातळ भरतीला बुडतो आणि ओहोटीला उघडा पडतो, त्याला आपल्याकडे खडप म्हणतात. म्हणजे ही जागा सहा तास आपली आणि सहा तास समुद्राची. आपण तिथे पाहुणे. पाहुण्याने वेळेवर उठावे, यातच शहाणपण.

दिवसात दोन वेळा भरती येते आणि दोन वेळा ओहोटी होते. चंद्र आणि सूर्य समुद्राचे पाणी ओढतात, त्यामुळे हे घडते. चंद्राची ओढ जास्त, म्हणून भरतीचे गणित चंद्रावर चालते. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण साडेबारा तास जातात. म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटे पुढे सरकते. आज ओहोटी बाराला असेल, तर उद्या ती एकच्या सुमाराला. काल अमक्या वेळी गेलो होतो, आजही त्याच वेळी जाऊ, असे म्हणणारा माणूस इथेच चुकतो.

उधाण आणि भांग

अमावास्या आणि पौर्णिमा या दिवसांत चंद्र-सूर्य मिळून पाणी ओढतात. तेव्हा भरती फार चढते आणि ओहोटी फार उतरते. हे उधाण. त्याचा जोर अमावास्या-पौर्णिमेनंतर एकदोन दिवस जास्तच असतो. अष्टमी-नवमीच्या सुमारास पाणी कमी चढते, कमी उतरते. हा भांग.

मुंबईला मोठ्या उधाणात पाणी साडेचार मीटरच्याही वर चढते. मालवण-गोव्याकडे चढउतार बराच कमी असतो, दोन मीटरच्या आसपास. पण दोन मीटर म्हणजेसुद्धा माणसाच्या डोक्यावरून पाणी, हे विसरू नका.

नवशिक्याने भांगाचे दिवस धरावेत. याला दोन कारणे आहेत. एक तर पाणी हळू चढते. दुसरे कारण वेळेचे आहे. भांगाला आपल्या किनाऱ्यावर ओहोटी दुपारच्या सुमारास येते. म्हणजे पाणी परत चढू लागते तेव्हा लख्ख ऊन असते. उधाणाच्या दिवसांत ओहोटी पहाटे आणि तिन्हीसांजेला होते. संध्याकाळी खडप लांबवर उघडे पडते, माणूस भुलून टोकापर्यंत जातो, आणि भरती येते ती अंधारात.

पाणी कसे चढते?

पुष्कळांना वाटते, पाणी सहा तास सारखेच चढत असेल. तसे नाही. एकूण चढणाऱ्या पाण्याचे 12 भाग करा. पहिल्या तासात एक भाग चढतो. दुसऱ्यात दोन. तिसऱ्यात तीन आणि चौथ्यातही तीन. पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. हा हिशेब मोजूनमापून तंतोतंत नाही, पण कामाला पुरतो.

आता दोन मीटरच्या भरतीला तो लावून बघा. पहिल्या तासात वीतभरही पाणी चढत नाही. माणूस म्हणतो, "अजून वेळ आहे की!" दुसऱ्या तासात दीड वीत चढते. तिसऱ्या तासात मात्र हातभराहून जास्त. म्हणजे जे पाणी आधी मुंगीच्या पावलाने येत होते, ते आता चालत येते. पहिला तास माणसाला गाफील करतो, आणि तिसरा तास त्याला गाठतो.

पाणी पुढून येत नाही

आता मुख्य गोष्ट. गरी टाकणारा माणूस समुद्राकडे तोंड करून बसतो. त्याला वाटते, पाणी चढेल ते पुढून, आपल्या पायाशी. ते दिसले की उठू. पण खडप काही ओसरीसारखे सपाट नसते. त्याला उंचवटे असतात आणि घळी असतात. टोकाचा कातळ बहुधा उंच असतो. त्याच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये सखल घळ असते. भरतीचे पाणी पहिल्यांदा त्या घळीत शिरते. पुढे तुमचे पाय कोरडे असतात, आणि पाठीमागे परतीची वाट बुडालेली असते.

आमचीच फजिती सांगतो. आम्ही मूळचे घाटावरचे. मास्तरकीने कोकणात आलो आणि निवृत्त झाल्यावर इथेच राहिलो. हाताला काम नव्हते, तेव्हा गरी शिकायची हौस आली. शेजारी एक वयस्कर गाबीत गृहस्थ आहेत. सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांनी आम्हांला एका अष्टमीला खडपावर नेले. ओहोटी बाराची होती. आम्ही साडेदहाला घळ ओलांडली, तेव्हा तिच्यात घोट्याएवढे पाणी होते. आबांनी घड्याळ बघायला सांगितले आणि म्हणाले, "मास्तरांनू, एक वाजलो की उठाचा."

दोन तासांत आम्हांला एकही मासा लागला नाही. एक वाजला आणि आबा उठले. नेमकी त्याच वेळी आमची दोरी ताणली. हातभर नसेल, पण चांगली वीतभर तांबोशी! आमच्या आयुष्यातला पहिला मासा. आम्ही म्हटले, "आबा, पाच मिनिटे." मग दुसरा मासा लागला. मग तिसरा. आबा दोन वेळा हाका मारून घळीच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. एकाचे दीड झाले, दीडाचे दोन, दोनाचे अडीच. आमचे पाय कोरडेच होते.

अडीचला मागे वळून पाहिले, तर घळ भरून वाहत होती. पाणी गुडघ्याच्या वर आणि लाट आली की कमरेला. आबांनी पलीकडून दोरखंड फेकला. तो धरून आम्ही पाण्यात उतरलो. मध्यावर शेवाळावरून पाय सटकला. कालवांच्या धारेने पोटरी फाटली. चष्मा गेला, माशांची पिशवी गेली. दोरखंड होता म्हणून आम्ही गेलो नाही. पलीकडे पोचल्यावर आबा रागावले नाहीत. इतकेच म्हणाले, "मासो फाल्यां गावतलो. मास्तर गावचो नाय." मासा उद्याही सापडेल, मास्तर सापडायचा नाही.

चाळीस वर्षे आम्ही मुलांना घड्याळ शिकवले. त्या दिवशी घड्याळ आमच्याच मनगटावर होते, आणि आम्ही ते पाहिले नाही.

मासा लागायची वेळ आणि उठायची वेळ

ही चूक एकट्या आमची नाही. नीट विचार केला तर तिचे कारण कळते. ओहोटीच्या तळाला पाणी थांबते. तेव्हा मासा सुस्त असतो. पाणी फिरले, भरतीचा ओघ सुरू झाला, की त्याबरोबर बारीक कोळंबी आणि किडे हलू लागतात. मग खायला मासेही खडपाजवळ येतात. म्हणजे मासा तोंड लावतो ती वेळ आणि आपण उठायची वेळ एकच! दोन तास रिकामे बसलेल्या माणसाला तेव्हाच मासे लागतात. त्या वेळी उठणे फार जड जाते. म्हणून उठायची वेळ तिथे बसून ठरवायची नाही. ती घरून निघण्यापूर्वी ठरवायची आणि घरच्या माणसाला सांगून जायची. अमुक वाजता परत आलो नाही, तर शोधायला माणूस पाठव, असे स्पष्ट सांगावे.

ही वेळ ठरवायची कशी? अगदी सोपा हिशेब आहे. खडपावर जाताना सगळ्यात सखल जागा, म्हणजे घळ, कधी ओलांडली ते बघा. ओहोटीच्या तळाच्या जितका वेळ आधी तुम्ही ती ओलांडली, साधारण तितक्याच वेळाने नंतर तिथे तेवढेच पाणी परत येणार. ओहोटी बाराची आणि घळ ओलांडली साडेदहाला, म्हणजे दीड तास आधी. तेव्हा दीड वाजता घळीत पुन्हा तेवढेच पाणी असेल. त्यातून अर्धा तास वजा करा. एक वाजता उठा. आबांचा 'एक' असा आला होता. तो त्यांनी कागदावर मांडला नव्हता, पण हिशेब हाच.

आणि गरी टाकून बसताना दर दहा मिनिटांनी मागे वळून घळीकडे बघा. तिथला एखादा ठळक दगड खूण म्हणून धरा. तो ओला झाला की दोरी गुंडाळा. मासा लागलेला असला, तर दोरी कापा.

वेळ कुठे बघायची?

किनाऱ्यावर एक जुना हिशेब आहे. तिथीला पाऊणने गुणायचे. येईल ती भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार, म्हणजे पावणेचारला भरती. अष्टमीला आठ पाऊण सहा. सहाला भरती, तर ओहोटी बाराला. हा हिशेब मुंबईच्या बाजूला बरा जुळतो. दक्षिणेकडे, मालवण-गोव्याला, तीच भरती काहीशी आधी येते. म्हणून यावर विसंबून खडपावर जाऊ नका. अंदाजापुरता तो ठेवा.

खरी वेळ छापील कोष्टकात असते. डेहराडूनचे भारतीय सर्वेक्षण खाते दर वर्षी बंदरांच्या भरती-ओहोटीची कोष्टके काढते. आता ती मोबाईलवरही मिळतात. कोष्टकात दोन आकडे असतात. एक वेळेचा आणि एक पाण्याच्या उंचीचा. समजा, लिहिले आहे 12:10 आणि 0.6, खाली 18:20 आणि 1.9. म्हणजे बारा वाजून दहा मिनिटांनी ओहोटीचा तळ आणि संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी पूर्ण भरती. पाणी चढणार 1.9 वजा 0.6, म्हणजे 1.3 मीटर. कोष्टक आपल्या जवळच्या बंदराचेच हवे. तुम्हांला आता वाचता येते, आकडे येतात. मग हे वाचन समुद्रावर कामाला लावा.

कोष्टकात जे नसते

कोष्टक पाण्याची उंची सांगते. लाटांची सांगत नाही. मृग लागल्यापासून नारळी पौर्णिमेपर्यंत खडपाचे नावही काढू नका. नवरात्रापर्यंत थांबलात तर उत्तम. पण उघडिपीतही समुद्र फसवतो. वारा पडलेला असतो, आभाळ निळे असते, आणि तरी मोठ्या लाटा येतात. दूर दक्षिणेच्या महासागरात वादळ झाले, की तिथल्या लाटा हजारो मैल चालत आपल्या किनाऱ्याला येऊन लागतात. हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र अशा लाटांचा इशारा देते. इशारा असेल त्या दिवशी घरी बसा.

2016 सालच्या जानेवारीतली गोष्ट आहे. पावसाळा नव्हता. मुंबईत वांद्र्याच्या बॅण्डस्टँडच्या खडकांवर काही मुली फोटो काढत होत्या. एक मुलगी पाण्यात ओढली गेली. तिला वाचवायला एका भल्या माणसाने उडी घेतली. ती मुलगी बुडाली आणि तो माणूसही बुडाला. पुढे पोलिसांनी अशा धोक्याच्या जागा ठरवल्या. जिथे धोक्याची पाटी असेल, तिथे ती वाचा आणि मागे फिरा.

म्हणून खडपावर उतरण्यापूर्वी कोरड्या जागी वीस मिनिटे नुसते बसा. लाटा बघा. दहा लाटा लहान येतात आणि अकरावी मोठी येते. ती कुठपर्यंत पोचते ते बघा. जिथे कातळ ओला, तिथे समुद्र येऊन गेला असे समजा. आपण त्याच्या बऱ्याच वर, कोरड्या कातळावर बसायचे. आणि आमिष लावतानाही समुद्राकडे पूर्ण पाठ करायची नाही.

काय घालावे, काय न्यावे?

पायात स्लिपर नको आणि गमबूटही नको. स्लिपर शेवाळावर सटकते. गमबुटात पाणी भरले की पाय जड होतो. तळाला खाचा असलेले कापडी बूट बरे. अनवाणी पायाला कालवे कापतात. धोतर-लुंगी नको, आखूड चड्डी बरी. अंगात तरंगते जाकीट घालावे. त्याची लाज वाटू देऊ नका. पट्टीचे पोहणारेही कातळावर डोके आपटून बुडतात.

एकटे जाऊ नका. ती वाट माहीत असलेला गावातला माणूस बरोबर असू द्या. दहा-बारा मीटर दोरखंड न्या आणि त्याच्या टोकाला झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा प्लास्टिकचा डबा बांधा. कोणी पाण्यात पडला तर त्याच्यामागे उडी घालू नका. हा डबा फेका. तो धरून माणूस तरंगतो. मग मदत बोलवा. 112 हा संकटकाळचा नंबर आहे. तटरक्षक दलाचा नंबर 1554. दोन्ही डब्यावरच लिहून ठेवा.

आपणच पडलो तर घाबरून त्याच कातळावर चढायला धडपडू नका. लाट उचलून आपटते. उताणे व्हा, तरंगा, कातळापासून दूर सरा. डबा येईपर्यंत दम धरा. जवळ वाळूचा किनारा असेल तर त्या बाजूला चला.

गरीचे थोडेसे

सुरुवातीला काठी नको. तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळून हातानेच टाका. ती बोटाला वेढे देऊन बांधू नका. मोठा मासा लागला तर बोट कापते. टोकाला लहान गरी आणि त्याखाली वजन. खडपात वजन कपारीत अडकते. म्हणून ते मुख्य दोरीला न बांधता कच्च्या सुताने बांधावे. अडकले तर सूत तुटेल, वजन जाईल, गरी वाचेल. दोरी सोडवायला पाण्यात उतरण्याची पाळी येत नाही. आमिषाला कोळंबी किंवा बोयाचा तुकडा. कपारीजवळ गोबरा किंवा तांबोशी लागते.

मासा आला की लगेच हात घालू नका. शिंगाळ्याच्या काट्याला आणि पाकटाच्या शेपटीच्या काट्याला विष असते. काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवावा आणि डॉक्टरकडे जावे. फुगणारा केंड कधी खाऊ नये. त्याचे विष शिजवून जात नाही. गरी बोटात खोल रुतली तर ओढून काढू नका, दवाखाना गाठा. कालवाने कापले तर जखम गोड्या पाण्याने धुवा आणि धनुर्वाताची सुई घ्या.

बोटाएवढा मासा परत सोडा. तुटलेली तंगूस खडपात टाकू नका. तिच्यात कासवे आणि पाखरे अडकून मरतात. आणि मालवणला 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. अशा ठिकाणी गरी टाकायची असेल, तर कुठे चालते ते आधी विचारा.

शेवटी

आम्ही अजून खडपावर जातो. आबाही येतात. आता उठायची वेळ आम्ही घरातल्या पाटीवर खडूने लिहून जातो. परत आलो की ती पुसतो. कधी पिशवी भरलेली असते, कधी रिकामी. पण पाटी रोज आमच्याच हाताने पुसली जाते.

तुम्हीही आज एवढे करा. दिनदर्शिका घ्या. पुढची अष्टमी शोधा. त्या दिवशी आपल्या बंदरी ओहोटी किती वाजता, ते कोष्टकात बघून वहीत लिहा. मग किनाऱ्यावर जा. गरी घरी ठेवा. फक्त घळ बघा. ती कधी उघडते आणि कधी भरते, तेवढेच लिहून आणा. गरी दुसऱ्या दिवशी टाका. मासा कुठे जात नाही.